आरामदायी स्पोर्ट-टूरिंग किंवा अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घेऊ पाहणारे लोक पुढील प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांमागची माझी भूमिका आधीच सांगतो. आराम ही मोटरसायकलसोबत विकत मिळणारी वस्तू नव्हे; मोटरसायकल, चालवणाऱ्याचे शरीर, त्याचा नेहमीचा वेग आणि त्याचे रस्ते यांचा मेळ बसला की आराम मिळतो. म्हणूनच जी मोटरसायकल एकाला दिवसभर सुखाने नेते, तीच दुसऱ्याला दोन तासांत अवघडून टाकते, आणि तक्रार दोघांपैकी कोणाचीही खोटी नसते.

स्पोर्ट-टूरिंग आणि अ‍ॅडव्हेंचर या दोन प्रकारांत नेमका फरक काय आहे?

स्पोर्ट-टूरिंग मोटरसायकल डांबरी रस्त्यासाठी घडवलेली असते. तिची दोन्ही चाके बहुधा 17 इंची असतात, सस्पेन्शनची (गचके झेलणाऱ्या स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बरची) हालचाल साधारण 120 ते 150 मिलिमीटर असते, पुढे वारा अडवणारे मोठे आवरण असते आणि बैठक किंचित पुढे झुकलेली किंवा जवळजवळ सरळ असते. अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलचे पुढचे चाक 19 किंवा 21 इंची, सस्पेन्शनची हालचाल 170 ते 230 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, हँडलबार रुंद आणि बैठक उंच व ताठ असते.

दोन्ही प्रकारांचा उगम ध्यानात घेतला तर हा फरक सहज उमगतो. बीएमडब्ल्यूने 1976 मध्ये आणलेल्या आर 100 आरएस या मोटरसायकलचे पूर्ण आवरण पवनबोगद्यात चाचण्या घेऊन आकाराला आले होते. चालकाला वाऱ्यापासून वाचवून वेगाने लांब नेणे हा तिचा हेतू होता. त्याच कंपनीने 1980 मध्ये आर 80 जी/एस आणली. तिच्या नावातली दोन अक्षरे जर्मन भाषेतील 'कच्चा मुलूख' आणि 'रस्ता' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि 1981 च्या पॅरिस-डाकार या वाळवंटातून जाणाऱ्या शर्यतीत ऊबेर ओरिओल याने बीएमडब्ल्यूवरच विजय मिळवला. एका परंपरेने वारा हा मुख्य शत्रू मानला, तर दुसरीने खाचखळगे. आजही निवड करताना आपल्याला या दोघांपैकी कोण अधिक छळतो, हे आधी ठरवावे.

या दोहोंच्या मधलाही एक मोठा गट आहे. कावासाकी वर्सिस 650, यामाहा ट्रेसर 9 आणि होंडा एनटी 1100 या मोटरसायकलींची बैठक ताठ आणि हँडलबार रुंद असला तरी त्यांची चाके 17 इंची आहेत. ज्यांचा बहुतेक प्रवास डांबरावर होतो, परंतु ज्यांना पुढे झुकून बसणे मानवत नाही, त्यांनी हा गट सर्वांत आधी पाहावा असे माझे मत आहे.

माझा बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावर होतो, पण कधीतरी कच्च्या वाटेवरही जावेसे वाटते. मग अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलच घ्यावी का?

गेल्या एका वर्षात आपण प्रत्यक्ष कोणत्या रस्त्यांवर किती फिरलो, याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. पुढे कधीतरी करू म्हणून मनात ठेवलेला प्रवास त्यात धरू नये. खडीचा किंवा मातीचा रस्ता संथपणे पार करायचा असेल तर 17 इंची चाकांची मोटरसायकलही ते काम करते. मात्र पक्का रस्ता सुद्धा खड्ड्यांनी भरलेला असेल, तर सस्पेन्शनची जास्त हालचाल आणि मोठे पुढचे चाक यांचा लाभ रोज मिळतो, आणि त्या परिस्थितीत अ‍ॅडव्हेंचर प्रकार पक्क्या रस्त्यासाठीही योग्य ठरतो. रस्त्याचे नाव काय आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग कसा आहे, हे महत्त्वाचे आहे.

बसण्याची स्थिती योग्य आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सीट, फूटपेग (पाय ठेवण्याच्या दांड्या) आणि हँडलबार या तीन बिंदूंचा त्रिकोण म्हणजे मोटरसायकलची बैठक. शरीराचे वजन याच तीन ठिकाणी वाटले जाते, आणि ते कसे वाटले जाते यावर तिसऱ्या तासाला काय दुखेल हे ठरते.

हँडलबार खाली आणि दूर असेल तर मनगटांवर भार येतो. विशिष्ट वेगाच्या पुढे समोरून येणारा वारा छातीला आधार देतो आणि तो भार हलका होतो. परंतु गर्दीतून संथ जाताना हा आधार मिळत नाही आणि मनगटे दुखू लागतात. याउलट अगदी ताठ बैठकीत मनगटे मोकळी राहतात, पण शरीराचे जवळपास सगळे वजन सीटवर येते आणि प्रत्येक गचका थेट पाठीच्या कण्यातून वर जातो. म्हणून कंबरेच्या खालच्या भागात दुखणे असलेल्या अनेकांना किंचित पुढे झुकलेली बैठक जास्त सुखाची वाटते. ताठ बसणे म्हणजेच आराम, हा समज सरसकट खरा नाही.

फूटपेग आणि सीट यांमधील अंतर कमी असेल तर गुडघे जास्त दुमडतात आणि पाय अवघडतात. उंच व्यक्तींना हा त्रास आधी जाणवतो. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा मोकळा असावा, कोपर किंचित वाकलेले असावे आणि हँडलबार पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात ताणला जाऊ नये, एवढ्या तीन गोष्टी उभ्या मोटरसायकलवर बसूनच तपासता येतात.

माझा एक अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. मी एकदा थोड्या मिनिटांच्या फेरीवर समाधान मानून मोटरसायकल घेतली, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात दुसऱ्या दिवशी दोन्ही खांद्यांच्या मध्ये असह्य रग लागू लागली. कित्येक आठवडे मी सीटला दोष देत राहिलो. शेवटी हँडलबार जेमतेम 3 सेंटिमीटर वर आणि मागे आणला, तेव्हा ते दुखणे पुन्हा आले नाही. दुखते एका जागी आणि कारण असते दुसऱ्या जागी, हे मोटरसायकलच्या बाबतीत नेहमी घडते.

सीट मऊ असावी की घट्ट?

घट्ट, पण रुंद. बसताना शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम पहिल्या काही मिनिटांत सुखाचा वाटतो, पण तासाभरात दाबून सपाट होतो आणि ती हाडे खालच्या कडक तळावर टेकतात. घट्ट फोम आकार टिकवतो आणि रुंद पृष्ठभाग भार पसरवतो. सीटचा उतार पुढे टाकीकडे असेल तर प्रत्येक ब्रेकला शरीर पुढे घसरते, आणि ते मागे रेटताना मांड्या व मनगटे थकतात. हा दोष दुकानात उभ्या मोटरसायकलवर सहसा लक्षात येत नाही. बाजारातील जेलच्या गाद्या काहींना उपयोगी पडतात, तथापि जेल उन्हात तापते आणि उष्णता धरून ठेवते. अनुभवी कारागिराकडून आपल्या शरीरानुसार सीटचा फोम नव्याने घडवून घेणे, हा माझ्या मते लांबच्या प्रवासावरील सर्वांत सार्थ खर्च आहे.

सीट उंच आहे आणि माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. ही मोटरसायकल घेऊ नये का?

केवळ सीटच्या उंचीच्या आकड्यावरून हा निर्णय घेता येत नाही. सीटचा पुढचा भाग अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, आणि रुंद असेल तर तीच उंची जास्त भासते. शिवाय आपण बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसते, यावरही प्रत्यक्ष उंची अवलंबून असते. यामाहा टेनेरे 700 ची सीट 875 मिलिमीटर उंच आहे, तर होंडा एनटी 1100 ची 820 मिलिमीटर. कागदावर हा फरक 55 मिलिमीटरचा दिसतो, पण लांब हालचालीचे सस्पेन्शन चालकाच्या वजनाने अधिक दबत असल्यामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी होऊ शकतो.

दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील, किंवा एक पाय पूर्ण टेकवून दुसरा पेगवर ठेवता येत असेल, तर सरावाने बहुतेकांना अशी मोटरसायकल पेलता येते. मात्र उतारावर थांबणे, खडीवर उलट ढकलणे आणि मागे सहप्रवासी चढत असताना तोल सांभाळणे, या तीन प्रसंगी पाय न टेकण्याची किंमत मोजावी लागते. त्यांपैकी एखादा प्रसंग आपल्या रोजच्या वापरात असेल तर कमी उंचीची सीट किंवा वेगळे मॉडेल पाहावे. सस्पेन्शनची लिंक बदलून मोटरसायकल खाली आणण्याचा मार्ग शेवटचा समजावा, कारण त्यामुळे जमिनीपासूनचे अंतर कमी होते, वळणात पेग लवकर घासतात आणि साइड स्टँडही लांब पडून मोटरसायकल धोकादायकपणे ताठ उभी राहते. काही नव्या मोटरसायकलींनी यावर वेगळा तोडगा काढला आहे: 2021 साली आलेल्या हार्ले-डेव्हिडसन पॅन अमेरिकामध्ये पर्यायाने मिळणारी एक यंत्रणा थांबण्याच्या वेळी मोटरसायकल आपोआप खाली आणते आणि निघाल्यावर पुन्हा वर उचलते.

वजनाला किती महत्त्व द्यावे?

चालत्या मोटरसायकलचे वजन फारसे जाणवत नाही आणि वाऱ्यात तर ते स्थिरतेला मदतच करते. वजन जाणवते ते थांबताना, ढकलताना आणि पडलेली मोटरसायकल उचलताना. बीएमडब्ल्यू आर 1250 आरटी इंधनासह 279 किलो भरते आणि टेनेरे 700 सुमारे 204 किलो. परंतु आर 1250 आरटीचे बॉक्सर इंजिन (ज्याचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असतात) खाली असल्याने संथ वेगात ती आकड्याच्या मानाने हलकी वाटते. म्हणून आकडा पाहावा, पण वजन कोणत्या उंचीवर आहे याचाही अंदाज घ्यावा. होंडा एनसी 750 एक्समध्ये इंधनाची टाकी सीटखाली असून नेहमीच्या टाकीच्या जागी हेल्मेट मावेल एवढा कप्पा आहे, त्यामुळे भरलेल्या टाकीचे वजन वर येत नाही. उंचीने किंवा ताकदीने कमी असलेल्यांनी, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी, हा विचार विशेष गांभीर्याने करावा. एकट्याला उचलता येत नसलेली मोटरसायकल निर्जन कच्च्या वाटेवर नेणे मी तरी कोणाला सुचवणार नाही.

विंडस्क्रीन जितकी उंच, तितका आराम जास्त असे म्हणता येईल का?

असे म्हणता येत नाही, आणि लांबच्या प्रवासातील थकव्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 किलोमीटरवरून 120 वर गेल्यास शरीरावर येणारा वाऱ्याचा दाब सव्वादोन पट होतो. विंडस्क्रीन हा दाब छातीवरून काढून टाकते, परंतु तिच्या वरच्या कडेवरून सुटलेल्या हवेत भोवरे तयार होतात. हे भोवरे हेल्मेटवर आदळले की डोके सतत थडथडते, दृष्टी अस्थिर होते, मान दुखते आणि आवाज प्रचंड वाढतो. विंडस्क्रीन अजिबात नसलेल्या मोटरसायकलवर छातीवर वारा येतो, पण तो एकसारखा असतो. चुकीच्या उंचीच्या स्क्रीनमागचा वारा त्याहून जास्त थकवतो.

याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगात जाताना क्षणभर पाठ ताणून डोके काही सेंटिमीटर वर न्यावे, मग तेवढेच खाली आणावे. वर गेल्यावर आवाज आणि थडथड कमी झाली तर छोटी स्क्रीन हवी. खाली आल्यावर कमी झाली तर उंच किंवा रुंद स्क्रीन हवी. स्क्रीनच्या खालून, फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) बाजूने येणारा झोतही अनेकदा याच गोंधळाचे मूळ असतो, आणि तिथे लहानसे आवरण बसवल्याने स्क्रीन न बदलताही फरक पडतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली असावी, म्हणजे पावसात किंवा रात्री तिच्या आरपार पाहावे लागत नाही. ज्यांचा वेग प्रवासात वारंवार बदलतो, त्यांनी चालताना वरखाली करता येणाऱ्या स्क्रीनला प्राधान्य द्यावे.

चांगले हेल्मेट आणि चांगली स्क्रीन असताना कानात बोळे घालण्याची गरज आहे का?

आहे. महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज सहज 95 ते 100 डेसिबलपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था निऑश 85 डेसिबलसाठी दिवसाला 8 तासांची मर्यादा सुचवते आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलमध्ये केवळ 15 मिनिटे उरतात. कानाची हानी भरून येत नाही. शिवाय आवाज कमी झाला की संध्याकाळचा थकवाही लक्षणीय कमी होतो, हे पहिल्याच दिवशी कळते. बोळे वापरण्याबाबत आपल्या भागातील वाहतुकीचा नियम मात्र पाहून घ्यावा.

काही मोटरसायकलींवर हाताला मुंग्या का येतात? कोणते इंजिन सर्वांत सौम्य असते?

प्रत्येक इंजिन थरथरते. फरक थरथरीच्या स्वरूपात असतो. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनची थरथर मोठी आणि ठसठशीत असते, ती पेग व सीटमधून जाणवते. रांगेतील चार सिलिंडरांचे इंजिन गुळगुळीत समजले जाते, पण त्यात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दुप्पट वारंवारतेची बारीक झिणझिण असते, आणि तीच बोटे बधिर करते. 90 अंशांच्या व्ही-ट्विनचा (व्ही आकारात दोन सिलिंडर), म्हणजे सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 सारख्या इंजिनचा, प्राथमिक समतोल उत्तम असतो, म्हणजे मुख्य थरथर बरीचशी मिटते. आजकाल अनेक मोटरसायकलींत दिसणारे 270 अंशांच्या क्रँकचे समांतर ट्विन (शेजारी शेजारी दोन सिलिंडरांचे) इंजिन व्ही-ट्विनसारख्या लयीत चालते आणि उरलेली थरथर बॅलन्सर शाफ्टने कमी केली जाते.

तरीही प्रकारावरून निकाल लावू नये. महत्त्वाचे आहे ते आपल्या नेहमीच्या वेगात सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन किती फेऱ्यांवर चालते, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांवर झिणझिण आहे का. एखादी मोटरसायकल 4,500 फेऱ्यांवर रेशमासारखी असते आणि 5,500 वर हात सुन्न करते. आपला वेग दुसऱ्या टप्प्यात येत असेल तर ती आपल्यासाठी नाही, मग इतरांनी तिचे कितीही गुणगान केलेले असो. हँडलबारच्या टोकांना लावायची जड वजने (बार-एंड) आणि जाड, मऊ ग्रिप यांनी थोडा फरक पडतो. ग्रिप नकळत आवळून धरण्याच्या सवयीनेही मुंग्या येतात, त्यामुळे दोष मोटरसायकलला देण्यापूर्वी पकड सैल करून पाहावी.

लांबच्या प्रवासासाठी किती सीसीचे इंजिन पुरेसे आहे?

एकट्याने, मध्यम वेगाने आणि मर्यादित सामानासह जायचे असेल तर 400 ते 450 सीसीची मोटरसायकल पुरते. 2023 साली आलेली रॉयल एनफील्ड हिमालयन 452 सीसीची आहे आणि सुमारे 40 अश्वशक्ती देते. दोघांनी, भरलेल्या पेट्यांसह आणि घाटातून जायचे असेल तर 650 ते 900 सीसीच्या टप्प्यात इंजिनला दम लागत नाही. त्यापुढची शक्ती आनंदासाठी असते आणि त्यात काही गैर नाही, परंतु तिच्यासोबत वजन, उष्णता आणि टायरचा खर्चही येतो. आराम शक्तीच्या शिखरात नसून कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या जोरात, असतो, कारण त्यामुळे सतत गिअर बदलावे लागत नाहीत.

सस्पेन्शनच्या बाबतीत काय पाहावे? सर्वसामान्य चालकाला त्यातील फरक कळतो का?

निश्चित कळतो, फक्त त्याला तो 'सीट खराब आहे' किंवा 'पाठ दुखते' या शब्दांत कळतो.

बहुतेक मोटरसायकली कारखान्यातून साधारण 75 किलोच्या चालकाला धरून बेतलेल्या असतात. चालक त्याहून बराच हलका असेल तर सस्पेन्शन दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा अंगावर येतो. जड असेल, किंवा मागे कोणी बसले असेल, तर ते आधीच खाली बसलेले असते आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आपटते. म्हणून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, जुळवणे ही पहिली पायरी आहे. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज सर्वत्र आढळतो; प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याने केवळ मोटरसायकल कोणत्या उंचीवर विसावते हे ठरते. चालक साधनांसह बसल्यावर एकूण हालचालीपैकी सुमारे एक तृतीयांश हालचाल वापरली जावी, असा ढोबळ नियम आहे: 150 मिलिमीटर हालचाल असेल तर 45 ते 50 मिलिमीटर, 200 असेल तर 60 ते 70. हे मोजण्यासाठी एक मोजपट्टी आणि मदतीला एक मित्र एवढे पुरते.

स्प्रिंग परत येण्याचा वेग रिबाउंड डॅम्पिंग ठरवते. ते कमी असेल तर मोटरसायकल गचक्यानंतर डुलत राहते. जास्त असेल तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत सस्पेन्शनला पूर्ण वर यायला वेळच मिळत नाही आणि ते हळूहळू खाली बसत कडक होत जाते. निवड करताना निदान मागचे प्रीलोड आणि रिबाउंड बदलता येणारी मोटरसायकल घ्यावी, आणि डबलसीट प्रवास वारंवार होत असेल तर हाताने फिरवता येणारी प्रीलोडची मूठ असावी. पाना शोधून सीटखाली हात घालावा लागत असेल तर बहुतेक लोक ते जुळवण्याचा कंटाळा करतात. विजेवर चालणारे सस्पेन्शन ही सोय बटणावर आणते, आणि ज्यांचा भार रोज बदलतो त्यांच्यासाठी ते खरोखर मोलाचे आहे.

पुढचे चाक 17, 19 की 21 इंची असावे?

17 इंची चाक वळणात चपळ असते आणि त्यासाठी स्पोर्ट-टूरिंग टायरची निवडही भरपूर मिळते. 21 इंची चाक दगड आणि खड्ड्यांवरून सहज चढते, पण पक्क्या रस्त्यावर त्याचे वळणे संथ असते आणि टायर अरुंद असतो. 19 इंची चाक हा दोहोंमधला समंजस मध्य आहे, आणि मिश्र रस्त्यांवर फिरणाऱ्या बहुतेकांना तोच मानवेल. आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर काढण्यास चाक उतरवावे लागते. मिश्रधातूच्या चाकातील ट्यूबलेस टायर रस्त्याच्या कडेला काही मिनिटांत दुरुस्त होतो. आरे रिमच्या कडांना जोडून आऱ्यांचे चाकही ट्यूबलेस केलेले असते, ते मिळत असेल तर उत्तम.

मागे जोडीदार बसणार असेल तर निवडीत काय बदलते?

जवळजवळ सगळेच बदलते, आणि तरीही अनेक खरेदीदार जोडीदाराला न बसवताच मोटरसायकल निश्चित करतात. मागच्या व्यक्तीला वाऱ्याचा, ब्रेकचा आणि वळणाचा अंदाज चालकाइतका येत नाही, तिच्या हाती हँडलबार नसतो, आणि बहुतेक मोटरसायकलींवर तिच्या वाट्याला अरुंद सीट आणि उंच पेग येतात. गुडघे किती दुमडतात, धरायला दोन्ही बाजूंनी मजबूत कड्या आहेत का, चढताना पाय कुठून टाकावा लागतो, पेट्या लावल्यावर पोटऱ्या त्यांना लागतात का, आणि हेल्मेटला हेल्मेट आदळते का, हे त्या व्यक्तीने स्वतः किमान अर्धा तास बसून सांगावे. पाठीला टेकू देणारी गादी लावलेली मागची पेटी तिची असुरक्षिततेची भावना बऱ्याच अंशी घालवते. मागच्याला त्रास होत असेल तर त्या प्रवासात चालकालाही आराम नसतो.

मोटरसायकल किती भार वाहू शकते, हे कसे कळते?

मोटरसायकलच्या पुस्तिकेत किंवा तिच्यावरील पट्टीवर एकूण अनुज्ञेय वजन दिलेले असते. त्यातून इंधनासहित वजन वजा करावे. समजा एकूण मर्यादा 425 किलो आहे आणि मोटरसायकल 225 किलोची आहे, तर 200 किलो उरतात. साधनांसह चालक 90 किलो आणि सहप्रवासी 73 किलो धरला तर केवळ 37 किलो राहतात, आणि तीन धातूच्या पेट्या व त्यांचे सांगाडे यांतले 15 ते 20 किलो स्वतःच घेऊन बसतात. हा हिशेब पाहून अनेकांना धक्का बसतो, म्हणून तो खरेदीपूर्वीच करावा.

जड सामान खाली आणि पुढे, चाकांच्या मध्ये राहील असे ठेवावे. मागच्या उंच पेटीत जड वस्तू ठेवल्यास पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडलबार थरथरू लागतो. पडल्यावर धातूची पेटी पायाला दुखापत करू शकते, म्हणून कच्च्या वाटेवर कापडी बॅगा अधिक सुरक्षित. पक्क्या रस्त्यावर, हॉटेलसमोर उभी करताना, कुलूपबंद पेट्या अधिक निर्धास्त.

चेन चांगली की शाफ्ट?

वर्षाला खूप अंतर कापणाऱ्याला शाफ्ट (चेनऐवजी मागचे चाक फिरवणारा बंद दांडा) सुखाचा आहे: तो स्वच्छ राहतो, आणि ठरावीक अंतराने तेल बदलण्यापलीकडे काही मागत नाही. यामाहा एफजेआर 1300 आणि मोटो गुझी व्ही 85 टीटी या शाफ्टच्या मोटरसायकली आहेत. चेन हलकी, स्वस्त आणि कुठेही बदलता येण्याजोगी असते, पण तिला दर 500 ते 800 किलोमीटरला वंगण लागते आणि पावसात त्याहून लवकर. चेनच्या मोटरसायकलला मधला स्टँड जरूर असावा.

कोणत्या इलेक्ट्रॉनिक सोयी खरोखर उपयोगी आहेत?

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सर्वांत आधी, आणि शक्य असेल तर वळणातील कलही लक्षात घेणारे. त्यानंतर वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल, कारण उजव्या मनगटाला मोकळ्या रस्त्यावर सोडवणारी दुसरी कोणतीही सोय नाही. थंड प्रदेशात तापणाऱ्या ग्रिपला तिसरे स्थान द्यावे. हात गारठले की ब्रेकवरचा ताबाही जातो. 2020 साली जाहीर झालेली डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही 4 ही पुढे आणि मागे रडार असलेली पहिली उत्पादित मोटरसायकल होती आणि पुढच्या वाहनाशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आता इतरत्रही मिळतो, तथापि त्यावाचून प्रवासाचे काही अडत नाही. मोठ्या रंगीत पडद्यासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी ते सीट आणि सस्पेन्शनसाठी राखून ठेवावेत.

टाकी किती मोठी असावी?

20 लिटरची टाकी आणि लिटरला 20 किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज असेल तर हिशेबाने 400 किलोमीटर होतात, पण निर्धास्तपणे त्यांतले 330 ते 350 धरावेत. बहुतेकांचे शरीर त्याआधीच थांबायला सांगते, म्हणून पंप दूर दूर असलेल्या प्रदेशात जायचे नसेल तर त्याहून मोठ्या टाकीचे वजन वाहण्याचे कारण नाही.

इंजिनची उष्णता पायांवर येते का, हे आधी कसे कळेल?

थंड हवेत दहा मिनिटे चालवून ते कळत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर, पंखा सुरू होईपर्यंत संथ वाहतुकीत चालवावे आणि गरम हवा नडगी व मांडीवर येते की बाजूने निघून जाते हे पाहावे. उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांनी या एका कारणासाठी सुद्धा मोटरसायकल नाकारावी, कारण हा दोष पुढे कोणत्याही जोडसाहित्याने पूर्ण दूर होत नाही.

चाचणी फेरी कशी घ्यावी?

स्वतःचे बूट, जाकीट आणि हेल्मेट घालून जावे, कारण बुटाच्या जाडीने गिअरचा अंदाज आणि जाकिटाने हातांची पोच बदलते. एक तास मागून घ्यावा. विक्रेता नकार देत असेल तर तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घ्यावे. पहिल्या दहा मिनिटांत इंजिनच सगळे लक्ष खेचून घेते आणि शरीर गप्प असते. साधारण चाळीस मिनिटांनंतर ते बोलू लागते: कुठे बूड दुखते, कोणते बोट सुन्न होते, मान कोणत्या बाजूला अवघडते. फेरीत खराब रस्त्याचा एक तुकडा, नेहमीच्या वेगाचा सलग पट्टा, एक पूर्ण वळसा आणि उतारावर थांबणे यांचा समावेश असावा. परतल्यावर लगेच निर्णय सांगू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ आणि मनगटे काय म्हणतात, ते ऐकून मग सांगावा.

वापरलेली मोटरसायकल घेताना आरामाच्या दृष्टीने काय तपासावे?

मागच्या शॉक‍अब्सॉर्बरमध्ये तेल आणि वायू असतो, आणि काही दहा हजार किलोमीटरनंतर त्याची पकड ढिली होते. मागचा भाग जोरात दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक, डुलत राहिला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओलसर थर नसावा. मधल्या स्टँडवर उभी करून हँडलबार सावकाश वळवावा, मध्यभागी खटका लागला तर स्टिअरिंगचे बेअरिंग झिजलेले आहे. आधीच्या मालकाने सीट किंवा स्क्रीन बदललेली असेल तर मूळ भाग सोबत मागावेत, कारण त्याच्या शरीराला जुळलेले आपल्याला जुळेलच असे नाही.

खरेदीनंतर सर्वांत आधी काय बदलावे?

पहिले 1,000 किलोमीटर काहीही विकत घेऊ नये. प्रीलोड, ब्रेक व क्लचच्या दांड्यांचा कोन, गिअरच्या दांड्याची उंची आणि हँडलबारचा कल या चार गोष्टी हाताशी असलेल्या पान्यांनी जुळवाव्यात. ब्रेकची दांडी बोटे सरळ पसरल्यावर मनगट न वाकवता हाती यावी, एवढे साधले तरी बरेचसे दुखणे थांबते. प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि दोन बदलांच्या मध्ये निदान एक लांब फेरी असावी, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. त्यानंतरही जे दुखत राहील त्याचा भाग बदलावा: बूड दुखत असेल तर सीट, डोके थडथडत असेल तर स्क्रीन, खांदे दुखत असतील तर हँडलबार उंच करणारे राइझर. राइझर लावल्यावर हँडलबार दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे मोटरसायकल रस्त्यावर नेण्यापूर्वी पाहावे.